सहा जण पास होऊन गेले, यंदा टीमचं काय होईल?

तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि संध्याकाळी ग्राउंडवरून आल्यावर पुन्हा वाचला. तू शेवटच्या वर्षाला आहेस, म्हणजे वयानं माझ्या पोरांएवढा, म्हणून 'तू' म्हणतो. मी कोल्हापुरात १९ वर्षं कॉलेजच्या फुटबॉल संघांना शिकवतोय. त्याआधी तालमीकडून (आपल्याकडं तालमींचेच फुटबॉल संघ असतात) सीनियर लीगला स्टॉपर, म्हणजे गोलीपुढचा मधला बॅक, खेळलो. त्यामुळं जे सांगतोय ते या गावच्या पावसाच्या आणि शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धेच्या हिशेबानं आहे. गोव्याच्या किंवा मुंबईच्या कॉलेजला यातलं सगळं लागू होईलच असं नाही.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. गेल्या वर्षी तुम्ही विभागाच्या सेमीफायनलला एका गोलनं हरलात. त्या अकरातले सहा जण यंदा डिग्री घेऊन बाहेर पडले: गोलकीपर, दोन्ही स्टॉपर, सेंटर हाफ (मधल्या फळीतला मधला) आणि पुढचे दोघं. उरले दोन्ही विंग बॅक (कडेचे बॅक), दोन्ही विंगर (कडेनं चढाई करणारे) आणि मधल्या फळीत, हाफला तू. नवीन तिघं आलेत, एक स्टॉपर, एक सेंटर हाफ, एक फॉरवर्ड. तिघंही तालमीकडून सीनियर खेळणारे, पण त्यातला हाफ आणि फॉरवर्ड एकमेकांच्या कट्टर विरोधातल्या तालमींचे. गोलात उभा राहायला सेकंड इयरचा एक उंच पोरगा आहे, तो अजून स्पर्धेची एकही मॅच खेळलेला नाही. जिमखान्याचे सर म्हणतात, यंदाचं वर्ष बांधणीचं समजा. पोरं खचलीत. आणि तुला विचारायचंय, आमचं होणार काय?

सरांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, पण ते मान्यही करू नकोस. कॉलेजच्या संघाला बांधणीचं वर्ष नसतंच. क्लबला असतं, तालमीला असतं, कारण तिथं पोरगा दहा-दहा वर्षं राहतो. कॉलेजात तीन वर्षांत अख्खी टीम बदलते. यंदा बांधलेलं पुढच्या वर्षी निम्मं निघून जाणार. तुझ्यासाठी तर हे शेवटचंच वर्ष आहे. म्हणून 'यंदा किती कमजोर आहोत' हे मोजत बसण्यापेक्षा 'सप्टेंबरअखेर त्या तीन-चार दिवसांत आपल्याकडं काय असेल' हे बघ.

काही गोष्टी तुझ्या हातात नाहीत, त्या आधीच सांगतो. लॉट्स (कोण कुणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या) कसे पडतात, बाय, म्हणजे न खेळता पुढची फेरी, मिळते का, पहिल्याच फेरीत गेल्या वर्षीचा विजेता समोर येतो का, हे कुणीच सांगू शकत नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत चांगली टीम पहिल्या दिवशी घरी जाते, हे मी दोनदा भोगलंय. पाऊस किती लांबतो त्यावर ग्राउंड ठरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं आपलं काय केलं ते तू पाहिलंयस. पोरांची घरंच पाण्यात असताना कसली प्रॅक्टिस आणि कसलं काय. आणि समोरच्या कॉलेजांत यंदा कुणी ॲडमिशन घेतलंय हे ऑगस्ट संपेपर्यंत नीट कळत नाही. एवढं बाजूला ठेवून जे उरतं त्यावर बोलू.

तू उरलेल्यांची यादी लिहिलीस तेव्हा सूर असा होता, की सगळा कणा गेला आणि नुसत्या कडा उरल्या. मधली ओळ गेली हे खरं आहे. गोली, दोन स्टॉपर, सेंटर हाफ, फॉरवर्ड ही उभी रेघ टीमला धरून ठेवते. ती गेली की टीम पोकळ होते. पण सप्टेंबरअखेरचं आपलं ग्राउंड डोळ्यांसमोर आण. दोन-तीन महिने पाऊस खाल्लेलं, त्यावर रोज दोन-तीन मॅच. गोलपोस्टसमोर घोट्याएवढा रेंदा, मधल्या वर्तुळात गवताचं पातं नाही, बॉल टाकला की तिथंच बसतो. पण टचलाइनच्या, म्हणजे बाजूच्या रेघेच्या, आत सात-आठ पावलं बघ. तिथं गवत असतं, जमीन घट्ट असते, बॉल पळतो. त्या दिवसांत ग्राउंडचा खेळण्यासारखा भाग म्हणजे कडाच, आणि तुझे चारही जुने, एकमेकांना ओळखणारे खेळाडू नेमके त्या कडांचे आहेत. दोन वर्षं एकत्र खेळलेला विंग बॅक आणि विंगर यांची जोडी दोन्ही बाजूंना असणं ही मोठी गोष्ट आहे. मला अशी जोडी एका बाजूला मिळाली तरी मी वर्ष चांगलं मानतो.

म्हणून यंदा खेळ कडेनं न्या. मधून वन-टू करत घुसायचा मोह पोरांना होईल, विशेषतः तालमीत खेळून आलेल्यांना, कारण हिवाळ्यात शाहू स्टेडियमच्या कोरड्या मैदानावर ते जमतं. चिखलात जमिनीवरून दिलेला पास डीत (गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत) जाऊन थांबतो, आणि थांबलेल्या बॉलवर बॅक आधी पोचतो, कारण त्याचं तोंड बॉलकडं असतं आणि तुमच्या फॉरवर्डची पाठ. तेव्हा कडेनं पळा, गोल लाइनजवळ पोचायची वाट न बघता जरा आधीच बॉल उचला आणि लांबच्या पोस्टवर टाका. दुसऱ्या बाजूच्या विंगरनं तिथं आत यायचंच. क्लिअर झालेला बॉल डीच्या टोकाशी चिखलात पडतो, तिथं एक जण कायम उभा हवा. त्या एका जागेवरून मी कॉलेज स्पर्धेत जेवढे गोल पाहिलेत तेवढे छान रचलेल्या चालींतून पाहिलेले नाहीत.

आता अवघड भाग, म्हणजे मागची बाजू. नवीन स्टॉपर एक आहे, दुसरा नाही. बहुतेक जण अशा वेळी चांगल्या विंग बॅकला मधे ओढतात. ते करू नकोस, त्यात एक भोक बुजवताना दुसरं पडतं आणि वर सांगितलेली जोडीही मोडते. माझं मत विचारशील तर दुसरा स्टॉपर तू हो. मला माहिती आहे, तू हाफ आहेस, विद्यापीठ संघाची निवड डोक्यात आहे आणि निवड समितीसमोर हाफला खेळायचंय. तरीही सांगतो. नव्या गोलकीपरला पुढून ओळखीचा आवाज लागतो. दोन्ही विंग बॅकना तू कधी वर जा म्हणशील, कधी थांब म्हणशील ते माहीत आहे. तुझी जागा घ्यायला नवीन सेंटर हाफ आलेलाच आहे. आणि निवडीचं म्हणशील तर लवकर बाहेर पडलेल्या टीमच्या हाफला कुणी बघत नाही. विभागापुढच्या आंतरविभागीय स्पर्धेपर्यंत पोचलेल्या टीमचा कॅप्टन-स्टॉपर मात्र निवड समितीला तीन-चार मॅच दिसतो. मी स्वतः लेफ्ट हाफचा स्टॉपर झालो तो अशाच एका वर्षी, सरांनी सांगितलं म्हणून. दोन आठवडे रडलो आणि नंतर आयुष्यभर तिथंच खेळलो.

त्या उंच पोराबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण तुमचं यंदाचं वर्ष तोच ठरवणार आहे. पहिल्यांदा खेळणारा गोली शॉट अडवताना फारसा चुकत नाही, शॉट अडवणं अंगचं असतं. तो चुकतो बाहेर यायला. कॉर्नर येतो, तो दोन पावलं पुढं येतो, मग थांबतो, आणि त्या थांबण्यात गोल होतो. यावर एकच औषध मला माहीत आहे. एक बादली पाणी घ्यायची, पोस्टजवळ ठेवायची आणि प्रत्येक बॉल बुडवून मग टाकायचा. कोरड्या बॉलवर महिनाभर केलेली कॅचिंगची प्रॅक्टिस पावसात पहिल्या पाच मिनिटांत निसटते. ओला बॉल हातातून कसा घसरतो हे बोटांना कळलं, की कधी धरायचा आणि कधी दोन्ही मुठींनी बाहेर मारायचा हे त्याचं त्याला उमजतं. दोन्ही बाजूंनी, डीत सहा-सात जण गर्दीला उभे करून, आठवड्याला २०० बॉल टाका. प्रत्येक वेळी त्यानं ओरडलंच पाहिजे, 'माझा' किंवा 'मार'. न ओरडता धरलेला बॉल मोजायचा नाही. आमच्या एका पोराला ओरडायची एवढी लाज वाटायची, की पहिला आठवडा तो ओठातल्या ओठातच बोलायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायला लागला आणि त्याच्यापुढचे बॅक आपोआप सुटसुटीत झाले, कारण त्यांना मागं वळून बघावं लागेना.

त्याच्यासाठी दोन नियम टीमनं पाळायचे. एक, चिखलात गोलीला पायानं मागं पास द्यायचा नाही. १९९२ पासून मुद्दाम पायानं दिलेला पास गोलीला हातात घेता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण पास अर्ध्यात थांबतो आणि समोरचा फॉरवर्ड पोचतो हे दरवर्षी कुणीतरी नव्यानं शिकतं. दोन, गोल किक लांब मारायची, आणि कडेला. २०१९ नंतर गोल किक डीतल्या डीत घेता येते म्हणून पोरं टीव्हीवर बघून छोटे पास करायला जातात. ते मैदान वेगळं असतं.

दोन तालमींच्या प्रश्नाकडं वळतो. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, पण तुला सांगायला नको. पाटाकडील, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, ही नावं आपल्याकडं जर्सीवर नसतात, अंगात असतात. घरातले तीन-तीन पिढ्यांपासून एकाच तालमीचे. मे महिन्यात ज्याच्या पायावर पाय देऊन खेळलो त्यालाच जुलैत पास द्यायचा, हे अठरा वर्षांच्या पोराला जड जातं. माझ्याकडं एका वर्षी असाच हाफ आणि असाच फॉरवर्ड होता. भांडत नव्हते, एकमेकांशी नीट बोलतही होते. एकदा संशय आला म्हणून वही घेऊन बसलो. ४० मिनिटांच्या प्रॅक्टिस मॅचमध्ये हाफनं त्या फॉरवर्डला एकही पास दिला नव्हता. दर वेळी बॉल उजवीकडं. मुद्दाम नव्हे बरं का, त्याला विचारलं तर तो स्वतःच चकित झाला. मान तिकडं वळतच नव्हती.

भाषण दिलं असतं तर दोघांनीही मान डोलावली असती आणि काही बदललं नसतं. मी नियम केला: दोन आठवडे प्रॅक्टिसला त्यांच्या बाजूचा गोल तेव्हाच धरायचा, जेव्हा त्या चालीत बॉल या दोघांमध्ये एकदा तरी फिरलेला असेल. पहिल्या दिवशी चार गोल रद्द झाले. बाकीची पोरंच त्यांच्यावर चिडली. पाचव्या-सहाव्या दिवशी हाफ त्याला नावानं हाक मारायला लागला, तोपर्यंत 'ए' म्हणायचा. एवढं पुरलं. प्रॅक्टिसला तालमीची जर्सी घालून यायचं नाही हाही नियम कर, आणि तो पहिल्यांदा स्वतःला लाव.

आता दमाचं गणित. आपल्याकडं तालमींचा हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो, पोरं जूनभर घरी बसतात आणि जुलैत थेट मॅच खेळायला लागतात. मांडीमागचा स्नायू जातो तो इथंच. पहिले तीन आठवडे मॅच कमी, पळणं हळूहळू वाढतं ठेवा. फिफाचा '११ प्लस' नावाचा वॉर्मअप आहे, १५ व्यायामांचा, साधारण २० मिनिटांचा, आठवड्यातून निदान दोनदा करायचा. त्याला बॉल आणि कोन सोडून काही साहित्य लागत नाही. त्यातला गुडघ्यावर बसून हळूहळू पुढं झुकायचा मांडीमागचा व्यायाम पोरांना नकोसा वाटतो, तोच टाळू देऊ नकोस. मी तो सुरू केल्यापासून माझ्याकडं मांडी धरून बाहेर येणारी पोरं स्पष्ट कमी झाली.

स्पर्धेत सलग दिवशी मॅच येतात. मॅचनंतर पायातली ताकद पूर्ण भरून यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढे आपल्याला कुणी देत नाही. त्यामुळं तिसऱ्या दिवशीची मॅच खरं तर बाकावर बसलेले जिंकून देतात. गेल्या वर्षी तुम्ही सेमीला एका गोलनं हरलात म्हणतोस, तो गोल शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतला होता का, हे आठवून बघ. असेल, तर गेलेल्या सहा जणांच्या आठवणीनं हळहळण्यात अर्थ नाही, कारण तेच सहा जण तिथं दमले होते. यंदा बारावा ते सोळावा खेळाडू कोण, हे ऑगस्टमध्येच ठरव. किती बदली चालतात, वेळ पूर्ण ४५-४५ मिनिटांचा आहे की कमी केलाय, हे परिपत्रकात वाच. पहिल्या मॅचला दोन गोल पुढं असाल तर दोन्ही विंगर लगेच बाहेर काढ, ते रुसले तरी चालतील. कडेनं खेळणाऱ्या टीममध्ये सगळ्यात जास्त पळापळ त्यांचीच होते.

मधे गणपती येतात. तुझी निम्मी पोरं मंडळाची कार्यकर्ते असणार, मिरवणुकीच्या दिवशी रात्रभर पायावर उभी. त्यांना अडवू नकोस, अडणारही नाहीत. ते दहा दिवस आणि पुढचे तीन दिवस प्रॅक्टिसच्या हिशेबातच धरू नकोस. आज जुलैचा पहिला आठवडा आहे, स्पर्धा सप्टेंबरअखेर, म्हणजे कागदावर बारा आठवडे. गणपती, धुवाधार पावसाचे दिवस आणि अंतर्गत परीक्षा वजा केल्या तर हाती सात येतात. सातच धर.

स्पर्धेचे फॉर्म भरायचं काम कंटाळवाणं आहे पण आधी उरक. विद्यापीठ स्पर्धेला वयाची मर्यादा असते, बारावी कधी पास झाला ते बघतात, मधे गॅप असेल तर कागद मागतात. एका वर्षी आमचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड मॅचच्या सकाळी बूट बांधून बसलेला असताना एका कागदासाठी बाहेर राहिला. त्याचं तोंड मला अजून आठवतं. नवीन तिघांचे बारावीचे मार्कशीट, ॲडमिशनची पावती आणि आयकार्ड याच आठवड्यात स्वतः डोळ्यांनी बघ.

खचलेल्या पोरांना एक मॅच दाखव. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक, दिल्लीत भारत विरुद्ध कोलंबिया. त्या संघात आपल्या गावचा अनिकेत जाधव होता, म्हणून पोरं आवडीनं बघतील. ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर जीक्सन सिंगनं हेडनं बरोबरीचा गोल मारला, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. स्टेडियम वेडं झालं. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल केला आणि मॅच २-१ नं गेली. नवख्या टीमला गोल खाण्यापेक्षा गोल मारल्यानंतरची दोन मिनिटं घातक असतात. तुझी टीम यंदा नवखी आहे. गोल झाला की मिठ्या मारून घ्या, पण पुढचे दोन मिनिट बॉल फक्त बाहेर किंवा लांब, आणि ते ओरडून सांगायचं काम तुझं. त्याच मॅचमधून दुसरंही दाखव, की आपल्याहून भारी टीमला गोल मारायला एक नीट मारलेला कॉर्नर पुरतो.

तू थेट विचारलंस म्हणून थेट सांगतो. तीन नवीन पोरं सीनियर खेळलेली आहेत आणि कडा शाबूत आहेत, तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांची भीती मला वाटत नाही. सेमीपर्यंत जायची ताकद या टीमकडं आहे. त्यापुढं तुमच्याहून जास्त तयार मधली फळी असलेलं एखादं कॉलेज भेटेल आणि तिथं बरोबरीत राहून टायब्रेकरपर्यंत नेणं हाही चांगला डाव असेल. गोली बसला नाही, तर मात्र दुसऱ्या फेरीतच कॉर्नरवर गोल खाऊन बाहेर पडाल, बाकी सगळं जमूनही. म्हणून त्याच्यावर एवढं लिहिलं.

लॉट्स पडले की पहिली मॅच कुठल्या ग्राउंडवर आणि किती वाजता आहे ते कळव, सकाळची आणि दुपारची तयारी वेगळी असते. आणि त्या उंच पोराला उद्यापासून बादली घेऊन यायला सांग.